सत्तावीस मतांचा हिशेब

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते, नाहीतर या विषयावर घरात जेवढे बोलून झाले आहे तेवढे पुरेसे होते. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि पुण्याच्या भाच्याच्या प्रत्येक फोनवर प्रश्न तोच असतो: चौतीस वर्षे बँकेत खाली मान घालून काम केलेली, कुठल्याही पक्षाचा झेंडा कधी हातात न धरलेली बाई निवडणुकीचा निकाल लागल्यावर रस्त्यावर सतरंजी टाकून कशी काय बसली, आणि तीन दिवस बसून तिला मिळाले काय? विचारणाऱ्यांच्या स्वरात काळजी असते, क्वचित नाराजीही असते, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

निवडणूक आमच्या इंदूर नगर निगमची होती. शहरात ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डातून एक पार्षद निवडला जातो. महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात ते हे. आमच्या वॉर्डाचा क्रमांक आणि उमेदवारांची नावे मी लिहीत नाही, कारण प्रकरण अजून न्यायालयात आहे. आम्ही जिच्यासाठी बसलो असे लोक समजतात, ती आमच्या मागच्या गल्लीत शिवणाचे वर्ग चालवणारी, अपक्ष उभी राहिलेली मुलगी. ती १९ मतांनी हरली. मी तिला मत दिले होते का, हेही पुष्कळ जण विचारतात. ते मी माझ्या यजमानांनाही सांगितलेले नाही.

मतमोजणीच्या संध्याकाळी ती आणि तिचा मोजणी एजंट झालेला चुलत भाऊ कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. "काकू, तुम्ही बँकेतल्या, एकदा तुमच्या डोळ्यांखालून घाला," एवढेच तिचे म्हणणे होते. पावसाने कागदांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. मी ते जेवणाच्या टेबलावर पसरले, वर वाट्या ठेवल्या आणि बूथवार बेरजा करायला घेतल्या. मतदान संपल्यावर बूथवरचा अधिकारी यंत्राचे 'क्लोज' बटण दाबतो, पडद्यावर एकूण मतांचा आकडा उमटतो, तो हिशेबाच्या कागदावर लिहिला जातो आणि त्याची प्रत तिथे हजर असलेल्या एजंटांना मिळते. एका बूथच्या त्या प्रतीवर ६४३ होते. मोजणीच्या टेबलावर त्याच बूथची जी मते उतरवली गेली, त्यांची बेरीज सर्व उमेदवार आणि 'नोटा' (यांपैकी कोणीही नाही) धरून ६१६ होत होती. फरक २७ चा.

कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या प्रत्येकाला एक जुनी खूण माहीत असते: फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शंका आधी घ्यावी. मी त्या बूथची ओळ पुन्हा वाचली. आमच्या गल्लीतल्या उमेदवाराच्या नावापुढे १२५ होते. एजंटाच्या वहीत, त्याच्या तिरप्या अक्षरात, १५२ होते. १५२ मधून १२५ गेले की २७ उरतात. खरा आकडा १५२ असेल, तर ती मुलगी १९ मतांनी हरलेली नव्हती, ८ मतांनी जिंकलेली होती.

त्या वेळी मी काय म्हणाले ते नेमके सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मी म्हणाले, हिशेब जुळत नाही. चोरी झाली असे मी म्हणाले नाही आणि आजही म्हणत नाही. त्या मुलाने स्वतःच कबूल केले की हॉलमध्ये गलका इतका होता की त्याच्या ऐकण्यात चूक झालेली असू शकते, आणि टेबलावरच्या कागदावर त्याने न वाचता सही केली होती. आमच्या समोरचे निवृत्त अभियंते म्हणाले, मतदाराला महापौराचे एक आणि पार्षदाचे एक अशी दोन मते द्यायची होती, काही जणांनी दुसरे बटण दाबलेच नसेल. हेही शक्य होते. पण यातले जे खरे असेल ते यंत्रातून आणि दोन कागदांतून पाहता येण्यासारखे होते, आणि ज्या गोष्टीचा छडा अर्ध्या तासात लागू शकतो ती अंदाजावर सोडून द्यावी हे माझ्या चौतीस वर्षांच्या सवयीला मानवत नव्हते. आमच्या शाखेत रोकड जुळली नाही तर कुणी घरी जात नसे, मग फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा.

आमच्या बाजूची चूकही सांगायला हवी. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी, कारणे देऊन, लेखी अर्ज करावा लागतो. त्या मुलाने तोंडी विनंती केली, "थांबा" असे उत्तर मिळाले म्हणून तो थांबला, आणि दहा मिनिटांत विजेत्याच्या हातात प्रमाणपत्र पडले. त्यानंतर प्रत्येक टेबलावर एकच वाक्य ऐकू आले: आता कोर्टात जा. ते वाक्य कायद्याने बरोबर आहे. राज्यघटनेच्या २४३ झेडजी या अनुच्छेदाने नगरपालिकांच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेद्वारेच देता येते, आणि मध्य प्रदेशच्या १९५६ च्या महापालिका कायद्यानुसार ती याचिका निकाल राजपत्रात आल्यापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायाधीशांपुढे दाखल करावी लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण इथे पायरी चढायलाही कागद लागत होते, आणि त्या दोन कागदांच्या प्रमाणित प्रती मागितल्या तर आज साहेब नाहीत, उद्या या, अर्ज दुसऱ्या खिडकीवर द्या, असे चालले होते. चार दिवस असे गेले. तीस दिवसांतले चार.

रस्त्यावर बसण्याचे कारण एवढेच होते. मागण्या दोन होत्या, प्रमाणित प्रती द्या आणि फेरमोजणी का नाकारली ते लिहून द्या. निकाल रद्द करा ही मागणी आमच्या ज्ञापनात, म्हणजे लेखी निवेदनात, नव्हती. आमच्यातली तरुण मुले ती मागणी घालणार होती, मी खोडली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही आमच्याच वॉर्डातल्या चौराह्यावर उभे राहिलो, पुढचे दोन दिवस रीगल चौराह्यावर गांधीजींच्या पुतळ्याजवळ बसलो. पहिल्या दिवशी सत्तर-ऐंशी माणसे होती, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी जास्त. ठाण्यात आदल्या दिवशी लेखी सूचना दिली होती, आणि रुग्णवाहिकेला वाट राहील अशा बेताने सतरंज्या एका कडेला घातल्या होत्या. पाऊस आला की निळी ताडपत्री चार जण चार कोपऱ्यांनी डोक्यावर धरत. एका तरुण महिला शिपायाने मला दोनदा उठायला सांगितले, तिसऱ्यांदा शेजारच्या दुकानातून स्टूल आणून दिले आणि म्हणाली, "आंटीजी, नीचे सीलन है."

पण त्या तीन दिवसांतले जे मला सर्वांत ठळक आठवते ते पहिल्या संध्याकाळचे. विजयी उमेदवाराची मिरवणूक ढोल वाजवत त्याच चौराह्यावर आली. गुलालाने माखलेली मुले आमच्या मुलांच्या ओळखीची, काही तर एकाच शाळेतली होती. कोणीतरी आमच्यातून "चोर" असा शब्द फेकला आणि तो पाच-सहा तोंडांनी उचलला. ढोल थांबला. मला माझ्या गुडघ्यांतून कळ आली, तरी मी उठून मध्ये गेले आणि आमच्याच मुलांकडे तोंड करून म्हणाले की ज्याने हा शब्द उच्चारला त्याने माझ्यासमोर येऊन सांगावे की चोरी कोणी, कधी आणि कशी केली. सांगता येत नसेल तर हा शब्द मागे घ्यावा, नाहीतर मी आता घरी जाते. कोणी पुढे आले नाही. एका मुलाने पुठ्ठ्यावर खडूने लिहिले, "६४३ − ६१६ = २७, जवाब दो", आणि पुढचे दोन दिवस आमचा फलक तोच राहिला. त्या रात्री मुलांनी विजेत्याच्या घरावरून मोर्चा नेण्याचा बेत मांडला होता, त्यावर तासभर वाद झाला आणि तो बेत सोडून दिला. कोणाच्या दारात त्याची आई उभी असताना घोषणा देणे मला कधीही पटणार नाही, मग माझी बाजू कितीही खरी असो.

तेव्हा माझ्यावर रागावलेले काही जण अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की गर्दीला बेरीज-वजाबाकी समजत नाही, गर्दीला एक शब्द लागतो. मला ते खरे वाटत नाही. याच शहराने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतल्यावर, नोटाला २,१८,६७४ मते दिली, आणि हा आकडा इथल्या भाजीवाल्यालाही पाठ आहे. कोणालाच न दिलेली मते जर शेवटच्या अंकापर्यंत मोजून सांगता येतात, तर एका बूथवरच्या २७ मतांचे काय झाले हे विचारणे लोकांना समजत नाही असे कसे म्हणावे?

भाचा मला डिसेंबर २०२४ मधल्या मारकडवाडीची आठवण करून देतो. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाने विधानसभेच्या निकालातले आपल्या गावाचे आकडे पटले नाहीत म्हणून स्वतःच मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले होते, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गावाने ते मतदान थांबवले. त्या गावकऱ्यांच्या मनातली खळबळ मला आतून समजते. तरीही असे मतदान झाले असते तर त्याने काय सिद्ध झाले असते, हा प्रश्न मला पडतोच, कारण दुसऱ्यांदा मत देणारा माणूस पहिल्या मताशी बांधलेला नसतो. मला हवा होता तो पहिलाच कागद.

पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू या गावाचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली, आणि एका बूथवरचे आकडे लिहिताना अधिकाऱ्याच्या हातून उमेदवारांची अदलाबदल झाली होती. प्रकरण वरपर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात यंत्रे आणून, चित्रीकरण करत, मते पुन्हा मोजली गेली आणि हरलेला ठरवलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकल्याचे निघाले. पाच वर्षांच्या कार्यकाळातली पावणेतीन वर्षे तोवर संपली होती. मी ती बातमी कापून ठेवली आहे. कोणाचा हेतू वाईट नसतानाही चूक होते, ती कागदाने सापडते, आणि कागद उशिरा मिळाला तर न्याय मिळूनही अर्धाच उरतो.

आता, मिळाले काय? तिसऱ्या दिवशी दुपारी एक अधिकारी खाली आले, ज्ञापन घेतले, पोच म्हणून शिक्का मारून दिला आणि प्रतींसाठी तारीख दिली. फेरमोजणी नाकारण्याचे लेखी कारण मिळाले नाही. प्रती एकोणिसाव्या दिवशी हातात पडल्या आणि याचिका अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झाली. आम्ही बसलो नसतो तर प्रती एकतिसाव्या दिवशी मिळाल्या असत्या, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रमाणित प्रतीवरही ६४३ आणि ६१६ च आहेत. आमच्या मुलाच्या वहीला न्यायालयात फारसे वजन नाही, असे वकील म्हणतात. यंत्र उघडण्याचा आदेश होईल की नाही, त्यावर सर्व अवलंबून आहे, आणि त्या अर्जावर अजून युक्तिवाद चालू आहेत.

निवडून आलेल्या पार्षदाकडे मला दोनदा जावे लागले, एकदा नर्मदेच्या पाण्याच्या लाइनसाठी आणि एकदा आमच्या गल्लीतल्या दिव्यासाठी. दोन्ही कामे त्याने केली. दुसऱ्या वेळी चहा पुढे करत तो हिंदीत म्हणाला, "काकीजी, तुम्ही माझ्याविरुद्ध बसला होतात." मी त्याला सांगितले की मी त्याच्या आकड्याला हातही लावलेला नाही, त्याची मते जेवढी होती तेवढीच मी धरली आहेत, मला फक्त शेजारच्या ओळीतला आकडा पाहायचा आहे. तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले की त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे का, आणि मी दुसऱ्या दिवशी ती नेऊन दिली.

पुढची तारीख पंधरवड्यावर आली आहे. याचिकेत माझे नाव कुठे नाही, तरी प्रत्येक तारखेला मी मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि वकिलांच्या हातातल्या फाइलमध्ये ती दोन पाने अजून एकमेकांशेजारी लावलेली आहेत ना, एवढे पाहून येते.