विसावा मॉप

ऑपरेशन थिएटरमधलं सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं काम म्हणजे मोजणं. चिरा देण्याआधी, पोट शिवायला घेण्याआधी आणि कातडीच्या टाक्यांआधी पुन्हा. मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. स्क्रबला, म्हणजे टेबलाशी सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला असलेली मी आणि टेबलापासून दूर राहून लागेल ते आणून देणारी फ्लोअरची सिस्टर, दोघी मोठ्याने मोजतो आणि आकडा फळ्यावर चढतो. मॉप म्हटलं की बाहेरच्यांना फरशी आठवते. हा सुती कापडाचा रुमाल. रक्तात भिजला की मुठीत मावतो आणि आतड्यांच्या वळणात शिरला की रंगावरून वेगळा काढता येत नाही. म्हणून त्यात एक पट्टी घातलेली असते, एक्स-रेवर दिसणारी.

त्या दिवशीची केस पोटाची, लांबलेली, रक्त बरंच गेलेलं. बंद करण्याआधी मोजले, 19. बादलीतले एकेक उलगडून पुन्हा मोजले, 19. फळ्यावर 20.

"सर, एक मॉप कमी आहे."

"सिस्टर, मोजण्यात चूक झालीय. मी आत बघितलंय. धागा द्या."

धागा माझ्या हातात होता, नीडल-होल्डरमध्ये सुई लावून तयार. भूलतज्ज्ञ डॉक्टर मॉनिटरकडे बघत राहिले. त्यांना आकडा ऐकू गेला होता. भल्या माणसांचं असं गप्प राहणं मला सरांच्या रागापेक्षा जास्त लागतं, आजही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेची जी सुरक्षा-यादी आणली, तिच्यात मॉप, सुया, हत्यारं मोजून झाल्याचं नर्सने तोंडाने सांगायचं, असं स्पष्ट आहे. पण आकडा जुळला नाही आणि समोरचा ऐकेना, तर आवाज कुठून आणायचा, हे कुठल्याही यादीत नाही.

मला बायबलमधला नहेम्या आठवला. राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी कळल्यावर त्याने उपास केले, प्रार्थना केली, मध्ये काही महिने गेले. आणि शेवटी राजाने विचारलं, तुझं तोंड का उतरलंय, तेव्हा तो फार घाबरला. तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामध्ये त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. एवढ्याशा फटीत किती शब्द मावले असतील? माझे दोनच मावले. "प्रभू, बोलव."

भीती गेली नाही. गुडघे गाऊनच्या आत थरथरत होते. मी नीडल-होल्डर ट्रॉलीवर ठेवला आणि म्हणाले, "सर, काउंट जुळेपर्यंत मी धागा देऊ शकत नाही. एक्स-रे काढूया."

त्यांनी पुन्हा आत हात घालून चाचपलं. मॉप नव्हता. एक्स-रे मशीन आणायला सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं तो मी विसरणार नाही.

प्लेट येईपर्यंतची ती मिनिटं. मी परत प्रार्थना करत होते आणि काय मागतेय हे मध्येच माझ्या लक्षात आलं. मॉप आत निघू दे, असं मी मागत होते. मी खरी ठरावी म्हणून.

प्लेट स्वच्छ होती. मॉप भुलेच्या ट्रॉलीच्या चाकामागे सापडला, कुणाच्या तरी चपलेने सरकत गेलेला. फ्लोअरच्या सिस्टरने चिमट्याने उचलून दाखवला. 20.

"झालं समाधान?" सर म्हणाले. मी "हो सर" म्हटलं आणि धागा दिला.

नियमाने मी बरोबर होते, त्याबद्दल मनात शंका नाही. उद्या पुन्हा 19 आले तर पुन्हा थांबवेन. पुढच्या आठवड्याच्या यादीत माझं नाव दुसऱ्या थिएटरला लागलं, तेही सोसवलं. नहेम्याला राजाने पत्रं दिली, लाकूड दिलं, सोबत घोडेस्वार दिले. माझ्या हाती तसं काही आलं नाही, तरी ज्याच्या भरवशावर तोंड उघडलं त्याच्यावर माझा रुसवा नाही.

सलते ती दुसरी प्रार्थना. टाके काढायला ती बाई आली तेव्हा मी दारातच होते. पोटावर हात धरून, जपून पावलं टाकत आली, माझ्याकडे बघून हसली. मला ओळखायचं तिला काही कारण नव्हतं. त्या मिनिटांत टेबलावर उघड्या पोटाने तीच होती, आणि मी तिच्यासाठी एक शब्दही मागितला नव्हता.