तेरावा आला, तो अजून गेलाच नव्हता

माझा मित्र डिसेंबरात गेला आणि त्याला अग्नी मिळाला १७व्या दिवशी. आईला फोनवर हे सांगितलं तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, पण मग तो आहे कुठे?"

शीतगृहात होता. लंडनच्या नैर्ऋत्य टोकाला, टायरच्या दुकानाशेजारी एका साध्या इमारतीत.

इंग्लंडात माणूस आजारपणानं घरी गेला, सगळ्यांना कल्पना होती, तरी कागदांची वाट ठरलेली. डॉक्टर मृत्यूचं कारण लिहिणार. सप्टेंबर २०२४ पासून तो कागद आणखी एक डॉक्टर, मेडिकल एक्झामिनर, तपासणार. मग तो निबंधकाकडे जाणार, तिथे आपण वेळ घेऊन जायचं, दहनाच्या परवानगीचा हिरवा कागद आणायचा, तो अंत्यसंस्कारवाल्याला द्यायचा आणि मग दाहिनीची वेळ मागायची. नोंदणीला ५ दिवसांची मुदत आहे. दहनाला मुदतच नाही! दोन-तीन आठवडे इथे कुणाला जास्त वाटत नाहीत. त्यात आमच्या वाट्याला नाताळ, बॉक्सिंग डे आणि नवं वर्ष.

वहिनींच्या वतीनं फोन मी करत होतो. पलीकडची बाई दर वेळी आधी दुःख व्यक्त करायची, अगदी मऊ आवाजात, आणि मग तीच तारीख सांगायची. सकाळी ११ वाजून २० मिनिटं, ४० मिनिटांचा स्लॉट. तिसऱ्या फोनला माझा तोल गेला. आमच्यात सूर्य मावळायच्या आत उरकतात, तुम्ही लोक मेलेल्या माणसालाही रांगेत उभं करता, असं काहीबाही बोललो. ती म्हणाली, "मी समजू शकते." तिनं उलट भांडायला हवं होतं.

तेरावा आला तेव्हा तो अजून शीतगृहातच होता. नाशिकच्या गुरुजींना व्हॉट्सअॅपवर विचारलं, दिवस कुठून धरायचे? त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "तुम्ही दहनापासून धरा. देवाला तुमच्याकडचे नियम माहीत असतील."

तो असता तर या वाक्यावर खो खो हसला असता.

नाव लिहीत नाही, त्याला चाललं नसतं. फोटोतही तो कधी नसायचा, कॅमेऱ्यामागेच असायचा. मूळचा नाशिकचा. फाळके १९१२ साली लंडनला आले, वॉल्टनला हेपवर्थचा सिनेमाचा स्टुडिओ बघून कॅमेरा घेऊन गेले, हे तो नव्या माणसाला पहिल्या भेटीत ऐकवणारच. "ते इथून कॅमेरा घेऊन गेले, मी तिथून घेऊन आलो. फिट्टंफाट."

आणि त्याची ती चादर. इथल्या मराठी घरांत त्याचे निसर्गाचे फोटो थोडे आहेत, पण पासपोर्टचे फोटो घरोघरी आहेत. ब्रिटिश पासपोर्टला ३५ बाय ४५ मिलिमीटर लागतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या ओसीआय कार्डाला चौकोनी, २ इंच बाय २ इंच. स्टेशनावरच्या मशिनीतून ब्रिटिश मापाचा निघतो, आणि मग चौकोनासाठी वणवण. याच्या बैठकीत पडद्याच्या दांडीला फिक्कट निळी चादर कायम चिमट्यांनी लावलेली. रविवारी सकाळी कुणीही यावं. बाळ असलं तर चादर गालिच्यावर पसरायची, बाळाला तिच्यावर निजवायचं आणि हा स्टुलावर चढून वरून टिपणार. पैसे नाहीत, वर पोहे. ज्यांना इथे येऊन आठवडा झालेला असे, त्यांचा आणखी एक फोटो काढून देई. "हा आईला पाठवा. खाताय-पिताय हे दिसायला हवं."

आजार पहिल्यांदा दिसला तो त्याच्या जुन्या निकॉन एफएम-टूवर. सगळा यांत्रिक कॅमेरा, बॅटरी फक्त प्रकाश मोजायला. दर फोटोनंतर अंगठ्यानं लिव्हर ओढून फिल्म पुढे न्यायची. एक दिवस अंगठा लिव्हर ओढेना. त्याला वाटलं लिव्हर जाम झाली. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा तपासून परत दिला, यात काही बिघाड नाही म्हणाला. पुढे डॉक्टरांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचेनासे होतात. हात, पाय, मग गिळणं, बोलणं. नजर मात्र बहुतेकांची शाबूत राहते. घरी येऊन तो म्हणाला, "डोळा माझा, हात भाड्याचे. ये रविवारी."

म्हणजे मी. ऑक्टोबरात रिचमंड पार्कमध्ये हरणांचा माज असतो, नर शिंगं भिडवतात. मी त्याची खुर्ची ढकलत नेई, कॅमेरा माझ्या गळ्यात. "जरा डावीकडे. खाली. थांब." आणि मग, "दाब." हरणांपासून ५० मीटर लांब राहायचं हा तिथला नियम. दहा पावलं पुढे गेलो तर काय होईल, असं मला वाटायचं. तो ऐकत नसे. "त्यांचं घर आहे ते, आपण भाडेकरू." दुसऱ्या वर्षी आवाज गेला. मग ठरलं, पापणी एकदा मिटली की दाब, दोनदा म्हणजे थांब. माझी दृष्टी बेताचीच. तरी त्या वर्षीचे फोटो चांगले आले आहेत, सकाळच्या धुक्यात शिंगांवर वाळलेला नेचा घेऊन उभा असलेला नर तर फारच. तो माझा फोटो नाही.

हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या आजारात काळजी घेणाऱ्या संस्थेची, नर्स घरी यायची, पलंग आणि माणूस उचलायचा झोपाळा सरकारी खर्चानं आला. हे मी नातेवाइकांना दहा वेळा सांगितलं आहे, जरा तोऱ्यातच. तिकडे गल्ली धावून आली असती हेही खरं. पण गल्ली रात्री अडीचला कूस बदलायला येते का? येतही असेल. मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

आता खरी गोष्ट. माझे वडील साताऱ्याला गेले तेव्हा भावाचा फोन इथल्या पहाटे चारला आला. हीथ्रोहून मुंबई नऊ तास, पुढे सातारा. मी विमानात असतानाच सगळं उरकलं होतं. एप्रिल होता, थांबता आलं नाही, असं भाऊ म्हणाला. "थांबा" असं मीही म्हणालो नव्हतो. रीत आहे, रीत मोडू नये, असं मीच स्वतःला सांगितलं आणि पुढे सगळ्यांनाही.

मित्राची थोरली बहीण, आक्का, वय ७४, कधी देशाबाहेर पडलेली नाही. जादा पैसे भरून तिचा व्हिसा १४व्या दिवशी हातात आला. ती शीतगृहात गेली, भावाच्या कपाळाला हात लावला आणि बराच वेळ मराठीत त्याला रागवत होती. बाहेर येऊन मला म्हणाली, "बरं झालं बाबा, यांनी ठेवला." त्या फोनवरच्या बाईची मी अजून माफी मागितलेली नाही.

दाहिनीत पेटीसमोर पडदा, बाजूच्या भिंतीत एक हिरवं बटण. मुखाग्नीच्या जागी ते. मुलानं बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. घड्याळात स्लॉटची सहा मिनिटं उरलेली. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी एकदा पापणी मिटली.

चादर वहिनींनी माझ्याकडे दिली आहे, चिमट्यांसकट. मागच्या रविवारी हाउन्स्लोहून एक जोडपं दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आलं. गालिच्यावर चादर पसरली, स्टुलावर चढलो, ३० फोटो काढले. वेबसाइटनं फोटो परत पाठवला, कानाशी सावली आहे म्हणून. येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. पोहे करणार आहे.