मे महिन्यातली कोथिंबीर आणि गच्चीवरचं शेडनेट

घरच्या बागेसाठी ग्रीनहाऊस घ्यायचं ठरवलं की बहुतेक जण थेट दुकानाच्या प्रश्नावर येतात. काच घेऊ, पॉलिकार्बोनेटची कडक पारदर्शक शीट घेऊ की प्लास्टिकचा कागद? मला तो प्रश्न शेवटचा वाटतो. आधी विचारायचं ते हे, की तुमच्याकडे झाडांना त्रास कशाचा आहे? मेच्या उन्हाचा, जुलैच्या पावसाचा, वाऱ्याचा की थंडीचा? नाशिकला राहून इतकी वर्षं गच्चीवर भाजी पिकवल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. आपल्याकडे ऊन आणि पाऊस हे दोन त्रास, थंडी कितीतरी मागे. आणि म्हणून आपल्याला बंद घर नको, बदलता येणारं छप्पर हवं.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. दादाकडे द्राक्षांसोबत ढोबळी मिरचीचं शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचं छप्पर, आहे. गंगापूर रोडच्या घरी गच्चीवर काहीतरी आडोसा करायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यात परदेशी चित्रांतलं काचघर होतं, पांढऱ्या चौकटीचं. दादाला फोन केला तर त्याने पहिलंच विचारलं, "अगं, लावणार काय त्यात?"

"मे महिन्यात कोथिंबीर हवी, पालक हवा. आणि पावसाळ्यात टोमॅटो-मिरचीची रोपं जगली पाहिजेत."

"मग काच कशाला? काचेतल्या उष्णतेत कोथिंबीर लगेच फुलावर येईल, थेट धणेच काढशील."

काचघर ही मुळात थंड मुलुखातली सोय. नेदरलँड्समध्ये मैलोन्‌मैल काचघरं आहेत, कारण तिथे ऊन कमी आणि थंडी जास्त, मिळेल ती ऊब धरून ठेवायची असते. आत आलेलं ऊन माती आणि कुंड्या तापवतं, त्यांच्यामुळे हवा तापते, आणि त्या हवेला वर निघून जायला वाट नसते. बंद घरात हेच घडतं, मग ते काचेचं असो की प्लास्टिकचं. आमच्या शेजारच्या काकूंनी ऑनलाइन मिळणारं छोटं ग्रीनहाऊस आणलं होतं, चेन लावून बंद होणारं, आत चार फळ्या असलेलं. एप्रिलमध्ये त्यांनी मला मुद्दाम बोलावून आत थर्मामीटर ठेवलेला दाखवला. बाहेर सावलीत ३८ आणि आत, चेन लावलेली असताना, ५१. चेन पूर्ण उघडली तरी आकडा झटकन उतरेना. ती वस्तू वाईट नाही, पण ती ज्या हवेसाठी बनली ती हवा नाशिकची नाही. काकू आता ते डिसेंबर-जानेवारीत मिरचीचं बी उगवायला वापरतात आणि त्या कामाला ते उत्तम आहे.

दादाचं म्हणणं होतं की बेदाण्याच्या शेडकडे बघ. द्राक्षं वाळायला हवीत पण करपायला नकोत, म्हणून वर सावली आणि चारी बाजूंनी वारा. भाजीला उन्हाळ्यात हेच लागतं, फक्त जोडीला पाणी.

शेडनेटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच खरी निवड आहे. दुकानात ३५, ५०, ७५, ९० असे टक्के सांगतात. हा आकडा अडवलेल्या प्रकाशाचा. ५० टक्के म्हणजे निम्मा प्रकाश आत येतो. पुष्कळ जण 'जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं' समजून ७५ घेतात. ऑर्किड, अँथुरियम, नेचे यांना ते ठीक आहे. टोमॅटो-मिरची त्याखाली नुसती लांबत जाते, खोड बारीक, दोन पानांमधलं अंतर मोठं, आणि फुलं नावाला. फळभाजीला ३५ पुरे. पालेभाजीला उन्हाळ्यात ५०. मी ५० घेतलं, कारण माझा जीव कोथिंबिरीत अडकलेला होता.

मग रंग. दादाने दुकानात एक हिरवा आणि एक पांढरा तुकडा मागून घेतला आणि आम्ही दोघं बाहेर उन्हात उभे राहिलो. हिरव्याखाली तळहात धरला तर हात हिरवट दिसतो. हिरवा प्रकाश पानं सगळ्यात कमी वापरतात, म्हणजे जे हवं ते बरंचसं अडवून जे कमी उपयोगाचं तेच आपण आत सोडतो. पांढऱ्याखाली हात हातासारखा दिसतो, सावली मऊ पडते आणि प्रकाश पसरून खालच्या पानांपर्यंत जातो. काळं नेट स्वतःच तापतं. ते कुंड्यांपासून चांगलं उंच असेल तर चालेल, पण डोक्याच्या उंचीवर असेल तर खाली उभं राहवत नाही. हिरवं सगळीकडे मिळतं, स्वस्त पडतं आणि वाईटही नाही, पण मिळत असेल तर पांढरंच घ्या. धूळ बसते हे खरं. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाइपने धुवून टाकायचं.

तिसरी गोष्ट वीण. टेपचं नेट चपट्या पट्ट्यांचं असतं, मोनोचं गोल धाग्याचं. हातात चुरगाळलं की फरक कळतो, मोनो जास्त चिवट. आणि यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं, असलंच पाहिजे, नाहीतर आपल्या उन्हात धागा ठिसूळ होतो आणि बोट लावलं की तुटतो.

आता पाऊस. शेडनेट पाऊस अडवत नाही हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. उलट थेंब नेटवर साठून मोठे होऊन टपकतात आणि ट्रेमधलं बी उडतं. जुलैत सतत ओल राहिली की कोवळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. यासाठी वर प्लास्टिक लागतं, २०० मायक्रॉनचं, यूव्हीवालं, पॉलिहाऊसला वापरतात तेच. ते पावसाळ्यापुरतंच घालायचं, आणि बाजू उघड्या ठेवायच्या. छताला उतार हवाच. माझा सांगाडा १० बाय १२ फुटांचा आहे आणि १० फुटांच्या रुंदीत कणा, म्हणजे छपराची मधली उंच रेघ, कडेपेक्षा अडीच फूट उंच आहे. सपाट छतावर पाण्याचा फुगा तयार होतो, प्लास्टिक ताणलं जातं आणि पुढच्या सरीला तो फुगा आणखी मोठा. कण्याजवळ एका बाजूने फूटभर फट ठेवली आहे, गरम हवा निघून जाण्यासाठी. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून फटीचं तोंड पूर्वेला. उलट केलं तर वारा त्या फटीत शिरून अख्खं छप्पर उचलतो.

थोडक्यात, सांगाडा एकच आणि कायमचा, वरचं पांघरूण मोसमाप्रमाणे. फेब्रुवारी संपता संपता नेट चढतं, मृगाच्या आधी नेट उतरून प्लास्टिक येतं, दिवाळीच्या सुमारास तेही निघतं आणि हिवाळाभर झाडं उघड्यावर मजेत असतात. प्लास्टिकचं आणि नेटचं आयुष्यही त्यामुळे वाढतं, कारण वर्षभर ऊन खात नाहीत.

थंडीसाठी मी वेगळं काही करत नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली की दादाकडे बागेत शेकोट्या पेटतात. शहरात तेवढं होत नाही. रोपांच्या ट्रेवर तारेच्या कमानी करून रात्री प्लास्टिक टाकते, सकाळी काढते. बस.

वारा मात्र हलक्यात घेऊ नका. गच्चीवर तो जमिनीपेक्षा जास्त असतो आणि वळवाच्या पावसाआधी तर सुटतोच. नेट म्हणजे शिडच. पाइप हलके घेऊ नका, जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, दोन मिलिमीटर जाडीचे घ्या. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या खोलीत ओल. आम्ही प्रत्येक खांब रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात उभा केला. असा एक डबा ५० किलोच्या आसपास भरतो. शिवाय दोन बाजूंनी खांब कठड्याला क्लॅम्पने बांधले. पांघरूण दोरीने बांधण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यात बसणारी नागमोडी स्प्रिंग घ्या. ताण सगळीकडे सारखा येतो, आणि वादळाची बातमी आली तर एक जण दहा-पंधरा मिनिटांत सगळं उतरवतो. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोलाचा खर्च. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. गारा पडणार असतील तर मात्र नेट चढवायचं, उतरवायचं नाही. बारीक गारा त्यावर अडतात.

वजनाचं भान ठेवा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं तर बरंच हलकं होतं. जड कुंड्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतींच्या रेषेत, कठड्यालगत ठेवायच्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीला आधी विचारा. उतरवता येणारं पांघरूण म्हटलं की सहसा अडचण येत नाही, पक्क्या छताचा विषय वेगळा.

चारी बाजूंनी कीडजाळी लावून पूर्ण बंद करावं का, हा प्रश्नही येतो. ४० मेशची जाळी, म्हणजे इंचाला ४० छिद्रं. पांढरी माशी बऱ्यापैकी अडते, फुलकिडे मात्र इतके बारीक की त्यातूनही शिरतात. पण जाळीने वारा कमी होतो, आत ऊब वाढते, आणि मधमाश्याही बाहेर राहतात. पालेभाजीला मधमाशी लागत नाही. टोमॅटो-मिरचीचं आपल्या आपण होतं, फार तर सकाळी झाड हलकेच हलवायचं. काकडी, कारलं, दोडका, दुधी मात्र बंद जाळीत फुलतात आणि फळ धरत नाहीत. काकडी-कारल्याचं सकाळी आणि दोडका-दुधीचं संध्याकाळी नर फूल तोडून हाताने मादी फुलाला लावायला वेळ असेल तर करा. मला सकाळी शाळा असते, म्हणून माझे वेल सांगाड्याच्या बाहेर, दक्षिणेच्या कठड्यावर. जाळी फक्त रोपांच्या ट्रेवर, छोट्या चौकटीला लावलेली. कोवळेपणी पांढरी माशी अडली की मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आक्रसण्याचा रोग, पुष्कळ टळतो.

पॉलिकार्बोनेट कुणी घ्यावं? ज्यांना पावसाळ्यात छप्पर हवंच आहे, ऋतूप्रमाणे काढघाल जमणार नाही, आणि खर्चाची तयारी आहे, त्यांनी. दुहेरी थराची शीट घ्या. यूव्हीचा थर एकाच बाजूला असतो, ती बाजू आकाशाकडे. उन्हाळ्यात तिच्याखाली शेडनेट लावून भागत नाही, ते शीटच्या वर आणि अंतर ठेवून ताणावं लागतं. खाली लावलं तर ऊन आत येऊन चुकलेलंच असतं.

हे सगळं नाशिकचं झालं. माझी नणंद श्रीवर्धनला असते, तिचं गणित निराळं. तिथे पाऊस किती तरी जास्त आणि हवा दमट. आमच्या कोरड्या एप्रिलमध्ये मी दुपारी जमिनीवर पाणी मारते, कडेला ओली गोणपाटं लटकवते आणि आत दोन-चार अंश खरोखर उतरतात. तिच्याकडे हवेतच इतकं बाष्प की पाणी उडून जात नाही, म्हणून गारवाही येत नाही, उलट बुरशी वाढते. तिला फक्त उंच छप्पर हवं, बाजू पूर्ण मोकळ्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्यांच्याच किनाऱ्यावर आलं, त्यामुळे पटकन उतरवता न येणारी कुठलीच गोष्ट ती आता घेत नाही.

कोथिंबिरीचं सांगते. धणे रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळून सहा-सात इंच खोल ट्रेमध्ये पेरायचे आणि उगवेपर्यंत वर ओलं फडकं. नेटखाली, पश्चिमेच्या बाजूने आणखी एक पडदा सोडून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य बारा-साडेबाराला बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कामाला येतं ते छत. पण झाडं मान टाकतात ती तीन ते पाचच्या तिरप्या उन्हात, आणि ते ऊन पश्चिमेकडून, छताच्या खालून शिरतं. तो पडदा नसेल तर छतावर कितीही भारी नेट असू दे, ट्रेमधली पश्चिमेकडची ओळ आधी पिवळी पडते.

खरेदीला शहरातल्या बागेच्या दुकानात जाण्याआधी एकदा पिंपळगाव बसवंतसारख्या शेतीच्या बाजारपेठेत चक्कर मारा. तिथे नेट आणि प्लास्टिक मीटरवर कापून मिळतं. सांगाडा आधी उभा करा, मग माप घ्या. प्लास्टिकला प्रत्येक बाजूने फूटभर जास्त धरा, पट्टीत अडकवायला लागतं. नेट रुंदीत जोडावं लागलं तर जोड कण्यावर येईल असा घ्या, मध्ये लोंबता नको. कडा दुमडून शिवून घ्या, शिवणीचे पैसे वेगळे पडतात, पण बिनशिवणीची कड पहिल्याच वळवात उसवते.