इमूचं तेल: टाचांना चालतं, टकलाला नाही

इमूचं तेल खरंच चालतं का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, कारण आमच्या मामाकडे एकेकाळी इमू पक्षी होते हे ओळखीत सगळ्यांना माहितीये आणि थंडी सुरू झाली की माझ्या कपाटात ती छोटी बाटली असते हेही. तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. उत्तर टायटलमध्येच आहे, पुढचं वेळ असेल तरच वाचा :)

पहिली गोष्ट, हे तेल म्हणजे चरबी. अंड्यातून काढतात असं बऱ्याच जणांना वाटतं, तर नाही, पक्षी मारूनच मिळतं. इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा, उडता न येणारा, माणसाएवढा उंच, आणि पाठीवर नि पोटाला चरबीचा जाड थर. हा थर त्याला कशाला लागतो तर इमूमध्ये अंडी नर उबवतो, जवळपास आठ आठवडे, आणि तेवढे दिवस तो जवळजवळ काहीच खात-पीत नाही, अंगातल्या चरबीवरच काढतो (आमच्या मामीचं यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही). तीच चरबी बारीक करून मंद आचेवर वितळवायची, गाळायची, मग रिफाइन करायची. एका पूर्ण वाढलेल्या पक्ष्यातून साधारण चार-पाच लिटर तेल निघतं. ऑस्ट्रेलियातले आदिवासी लोक दुखऱ्या सांध्यांना आणि जखमांना ही चरबी पूर्वीपासून चोळत आलेत, म्हणजे वापर जुना आहे, बाटलीवरचे दावे मात्र अलीकडचे.

आता मामाचं. आटपाडीकडे जमीन, पाण्याची बोंब, डाळिंबावर तेल्या रोग, आणि त्याच काळात २००८ ते २०१२ च्या दरम्यान इमूपालनाचं वारं सुटलेलं. आंध्रातून सुरू झालेलं फॅड तामिळनाडू, महाराष्ट्र सगळीकडे पसरलं होतं. कंपनीचे लोक गावात यायचे, पिल्लांची जोडी आम्ही देणार, अंडी आम्हीच घेणार, बायबॅकची गॅरंटी, मांस फाइव्ह स्टारला जातं, कातडं फॅशनला, पिसं पण विकली जातात आणि तेल तर काय, सोन्याच्या भावाने परदेशात. मामाने जाळी मारली, शेड घातली, जोड्या आणल्या. गडद हिरवी, खरखरीत सालीची, हातात घेतलं की अर्धा-पाऊण किलो भरेल अशी अंडी यायची आणि आम्ही पोरं फोटो काढायचो. पुढे २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या इरोडकडचा इमूपालनाचा मोठा घोटाळा बाहेर आला, मग सगळीकडेच गाडी घसरली. मामाच्या कंपनीने फोन उचलणं बंद केलं. खाद्य तर रोज लागायचंच, गिऱ्हाईक कुठेच नाही, काही ठिकाणी तर शेतकऱ्यांनी पक्षी मोकाट सोडून दिले. मामाचे पक्षी शेवटी मिळेल त्या भावात गेले आणि बदल्यात पैशाऐवजी काही तेलाच्या बाटल्या घरात आल्या.

त्या बाटल्या मी वापरल्या. मामी माळकरी, तिने हात लावला नाही. "मी त्यांना चारलंय गं, आता त्यांनाच अंगाला कशी लावू," एवढंच म्हणाली, आणि विषय संपला.

तर तेल कसं आहे. फिकट पिवळं, नीट रिफाइन केलेलं असेल तर वास जवळजवळ नाहीच, आणि थंडीत बाटलीच्या तळाला पांढरी रवाळ चरबी बसते, वर पातळ तेल राहतं. ते बघून खराब झालं म्हणून फेकू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत एकजीव होतं. खवट वास आला तर मात्र सरळ फेका. उन्हात, गॅसजवळ ठेवायचं नाही, मी तर फ्रिजच्या दारात ठेवते आणि नवरा दर वेळी विचारतो हे खायचं का.

त्यात असतं काय? सगळ्यात जास्त ओलिक ॲसिड, चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास, मग पामिटिक, स्टिअरिक, थोडं लिनोलिक, ही सगळी तेला-चरबीतली फॅटी ॲसिडं. ओलिक म्हणजे काही अमृत नाही हो, आपल्या शेंगदाण्याच्या तेलात पण जवळपास तेवढंच असतं! पण या मिश्रणामुळे ते त्वचेवर छान पसरतं, चिकट न वाटता मुरल्यासारखं होतं, आणि पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणून कोरड्या त्वचेला त्याचा खरंच फायदा होतो. आंघोळ झाली की अंग पूर्ण पुसायच्या आधी, ओलसर असतानाच, तळहातावर चार थेंब घासून टाचा, कोपरं, नडग्या. नडग्यांवर थंडीत ती मगरीच्या पाठीसारखी खवलं येतात ना, ती काही दिवसांत बसतात. टाचांच्या भेगांना रात्री लावून वर सुती मोजे. भेग खोल असेल, रक्त येत असेल किंवा शुगरचा पेशंट असेल तर तेलबिल नाही, डॉक्टर.

चेहऱ्याला? मी लावत नाही. ज्यांची त्वचा तेलकट आहे, पिंपल्स येतात, त्यांनी तर लांबच राहावं असं माझं मत, पोअर्स बंद होत नाहीत असं बाटलीवर छापलेलं असलं तरी. आणि कुठेही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस बघा, खाज सुटली तर थांबा.

आता केस, ज्यासाठी खरं म्हणजे लोक विचारतात. भाच्याच्या कपाळावरून केस मागे सरकायला लागले, त्याने मला थेट फोन केला, आत्या बाटली दे. म्हटलं तेलाने टक्कल जात असतं तर इमूपालनवाल्यांची डोकी बघायला हवी होतीस. झोपलेली मुळं जागी होतात वगैरे जे सांगतात त्याचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगात आहे. उंदीर आणि तू यात फरक आहे बाबा. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिलसारखी औषधं आहेत, स्किनच्या डॉक्टरला दाखव, आणि अचानक गळती असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड तपास. केसांच्या टोकांना चमक यायला एखादा थेंब लावला तर बरं दिसतं, तेवढंच. आणि केसांच्या आत शिरून त्यातलं प्रोटीन जाणं कमी करतं ते आपलं खोबरेल, त्यातल्या लॉरिक ॲसिडमुळे, हे अभ्यासून झालंय.

कोंड्याचं जरा गुंतागुंतीचं आहे. ज्यांना कोंडा व्हायची सवय आहे त्यांच्या टाळूला ओलिक ॲसिडने उलट खपल्या सुटू शकतात, म्हणून मी कोंडावाल्यांना नाही म्हणते. पण इराणमध्ये एक अभ्यास झाला होता, चेहऱ्यावरच्या सेबोरिक डर्मटायटिसच्या (कोंड्याच्याच जातीचा, लाली-खपल्यांचा त्वचारोग) पेशंटवर, एका बाजूला इमूचं तेल आणि दुसऱ्या बाजूला क्लोट्रिमाझोल (बुरशीवरचं मलम) किंवा हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड मलम). तेलाने खाज, लाली, खपल्या कमी झाल्या हे खरं, पण एकूण बघता औषधांचा गुण जास्त होता. म्हणजे फायदा शून्य नाही, पण मेडिकलमध्ये साधी ट्यूब मिळत असताना महागाची बाटली कशाला, हे ज्याने त्याने ठरवावं.

बाटलीवर सोरायसिस, संधिवात, कॅन्सर, शुगर सगळं एकत्र लिहिलेलं दिसलं तर परत ठेवा. अमेरिकेच्या एफडीएनेही आरोग्याच्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध करताना प्युअर इमू ऑइलचं नाव घेतलं होतं. मला तर ती लेबलं वाचताना मामाच्या ओसरीवर बसलेला तो कंपनीचा माणूस आठवतो, एकाच दमात इतके फायदे तोही सांगायचा. आणि रस्त्यावर कढईत सांडा घेऊन बसलेले तेलवाले असतात त्यांचं तेल आणि हे एक समजू नका, सांडा हा सरडा आहे आणि त्याला मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

शाकाहारी असाल तर काही अडत नाही. माझ्या मालवणच्या मैत्रिणीकडे भिरंडेल असतं, कोकमाच्या बियांचं, घट्ट गोळ्यासारखं. गरम करून भेगांमध्ये भरायचं, ते स्टिअरिकने भरलेलं असल्यामुळे टाचेवर टिकतंही जास्त. मामीला मी तेच नेऊन दिलं. आता माझ्या बाटलीतलं संपत आलंय आणि पुढच्या थंडीला मीही भिरंडेलच मागवणारे, स्वस्त पडतं आणि नवऱ्याला प्रश्न पडत नाहीत.