अर्ध्या तासासाठी एवढा पैसा कशाला?

रेल्वेचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं: अर्धा तास लवकर पोचण्यासाठी हायस्पीड रेल्वेवर एवढा पैसा का ओतायचा? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. माझ्या मते नव्या मार्गाचा मोठा फायदा जुन्या मार्गावर होतो, आणि त्यातही मालगाड्यांना.

कागद-पेन्सिल घ्या. शंभर किलोमीटरचा एका दिशेचा एकच मार्ग. जलद गाडी ताशी 200 किलोमीटरने जाते, मालगाडी 100 ने. दोन गाड्यांमध्ये किमान 3 मिनिटं ठेवायची. 10 वाजता सोडलेली मालगाडी 11 ला पोचणार. जलद गाडीला अर्धाच तास लागतो, म्हणून ती 10:33 च्या आधी सोडताच येत नाही. नाहीतर वाटेतच मालगाडीच्या मागे येऊन अडकेल. पुढची मालगाडी 10:36 ला. म्हणजे 36 मिनिटांत गाड्या दोन! सगळ्या एकाच वेगाच्या असत्या, तर तेवढ्याच वेळात 12 सुटल्या असत्या. रूळ तेच, सिग्नल तेच.

प्रत्यक्षात मालगाडीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घेऊन जलद गाडी पुढे काढतात. पण हजार-दीड हजार टनांची गाडी थांबवायची आणि पुन्हा वेगात आणायची, यात बरीच मिनिटं जातात. शिवाय लूप तेवढा लांब हवा. ब्रिटनमध्ये 775 मीटरच्या मालगाड्या चालतात; आखूड लूपमध्ये तिचं शेपूट मुख्य मार्गावरच राहील. मग अशी गाडी त्या वेळेला सोडतच नाहीत, आणि तिचा माल ट्रकमधून जातो. मला सलतं ते हेच.

जपानमध्ये 1950 च्या दशकात टोकियो-ओसाका हा जुना मार्ग तुडुंब भरला होता. 1964 साली शिनकान्सेन ही हायस्पीड रेल्वे सुरू झाली ती त्या गर्दीवरचा उपाय म्हणून. जगाने कौतुक केलं ते मात्र वेगाचं.

ब्रिटनमध्ये लंडन ते बर्मिंगहॅम बांधल्या जाणाऱ्या एचएस टू या हायस्पीड मार्गाचं मूळही अशाच गर्दीत आहे. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या वेस्ट कोस्ट मेन लाइनवर दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात चार मार्ग आहेत, दोन जलद, दोन संथ. मालगाड्या संथ मार्गांवर, जागोजागी थांबणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या मधे अडकतात. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या मार्गावर गेल्या, तर यातल्या काही प्रवासी गाड्या जलद मार्गांवर हलवता येतात आणि संथ मार्ग मालगाड्यांसाठी मोकळे होतात. ‘मग जुनाच मार्ग सुधारा ना,’ असं कुणी म्हणेल. तेही करून झालं. 2008 मध्ये संपलेल्या त्या कामावर सुमारे 900 कोटी पौंड गेले, चालू मार्गावर काम म्हणून प्रवाशांनी वर्षानुवर्षं हाल सोसले, आणि मार्ग पुन्हा भरला.

अर्थात मोकळी जागा आपोआप मालाला मिळत नाही. प्रवासी गाड्यांचाही तिच्यावर डोळा असतो, म्हणून मालगाड्यांचा वाटा आधीच लिहून ठेवायला हवा, असं मी आग्रहाने म्हणते. आणि पूर्व इंग्लंडमधल्या फेलिक्स्टो बंदरातून निघालेल्या कंटेनरच्या गाड्यांना ईली जंक्शनवर जी अडचण येते, ती एचएस टूने सुटणारच नाही. तिथे त्या जंक्शनवरच पैसा घालायला हवा.

ऑक्टोबर 2023 मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरचा टप्पा रद्द केला. चर्चा झाली ती खर्चाची आणि प्रवासाच्या वेळेची. पण त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या हायस्पीड गाड्या हँडसेकर गावाजवळ जुन्या मार्गावर उतरणार, आणि तिथून थोड्याच अंतरावर शगबरोचा बोगदा आहे. त्यात दोनच मार्ग आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. मालगाड्याही त्यातूनच जातात.