जुलैतली रब्बी

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मूस जॉहून दक्षिणेला असिनिबॉयाकडे भरधाव निघालेल्या माणसाला वाटेत पाहण्याजोगे काहीच नाही, असे खुशाल वाटू शकते. हमरस्ता सोडून खडीच्या रस्त्याला लागावे, वेग निम्म्यावर आणावा आणि काचा खाली कराव्यात. मग जुलैच्या अखेरीस मराठी माणसाच्या ध्यानात येते की ऐन उन्हाळ्यात इथे चोहीकडे आपली रब्बी उभी आहे. हरभरा आहे, जवस आहे, गहू आहे, मोहरीच्या कुळातला पिवळाजर्द कॅनोला आहे आणि नजर पोहोचेल तिथवर मसूर आहे. हिवाळ्यात पारा उणे तिसापर्यंत उतरणाऱ्या या मुलखाला हंगाम एकच, मे महिन्यात पेरायचे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढायचे. जवसाची निळी फुले पाहायची तर मात्र सकाळीच निघावे, कारण दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात.

खरे रेंगाळावे ते मसुरापाशी. जेमतेम गुडघ्याएवढे हे पीक लांबून नुसते गवत वाटते. वाकून पाहिले की बारीक पानांच्या आड चपट्या शेंगा दिसतात आणि प्रत्येकीत दाणे एक किंवा दोन. ओल मिळत राहिली तर हे रोप वाढतच राहते, फुलतच राहते आणि दाणे भरायचे काही मनावर घेत नाही. जमीन सुकू लागली की मगच ते भानावर येते. १८५७ ते १८६० या काळात इथली पाहणी करणाऱ्या जॉन पॅलिसरने हा टापू शेतीला निरुपयोगी ठरवला होता, आणि वर्षाकाठी पडणारा साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पाहता त्याला दोष देववत नाही. पण ज्या कोरडेपणावर त्याने फुली मारली, तोच मसुराच्या पथ्यावर पडला. सस्कॅचेवान विद्यापीठातील अल स्लिंकार्ड यांनी १९७८ साली ‘लेअर्ड’ हे वाण आणले आणि आज कॅनडातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो. भारत त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेव्हा इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यावर अख्खा मसूर ओरपणाऱ्याने एखादा दाणा इथला निघाल्यास नवल मानू नये.

शेतांच्या मधल्या खोलगट जागी बर्फाचे पाणी साचते, त्याला इथले लोक ‘स्लू’ म्हणतात. उन्हाने ते आटत गेले की काठावर क्षारांचा पांढरा थर धरतो आणि उरल्या पाण्यात बदके गर्दी करतात.

माळरानावर नशीब असेल तर प्राँगहॉर्न दिसतो. उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत वेगवान भूचर, हरणासारखाच दिसणारा. पण तारेचे कुंपण आले की उडी मारण्याऐवजी मान खाली घालून तारेखालून सरपटत जातो आणि काट्यांनी पाठ सोलून घेतो. म्हणून कुंपणाची सर्वांत खालची तार बिनकाट्याची असावी आणि जमिनीपासून साधारण हातभर उंचीवर बांधावी, असे गुराख्यांना हल्ली सांगितले जाते.