राज्याभिषेकाची वाट आणि अहमदनगरचा हिरा: क्रेमलिन कसं पाहावं

पीटर द ग्रेटने रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्गला हलवली, पण राज्याभिषेक मात्र शेवटपर्यंत मॉस्कोतच होत राहिले. चौथ्या इव्हानला 1547 मध्ये झार म्हणून मुकुट चढला तो मॉस्कोच्या क्रेमलिन किल्ल्यातल्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये, आणि 1896 मध्ये दुसऱ्या निकोलसचा, म्हणजे शेवटचा राज्याभिषेक झाला तोही तिथेच. त्यामुळे ज्याला हा विषय मनापासून पाहायचा आहे त्याने मॉस्कोला वेळ द्यावा. टूरवाले लाल चौक आणि क्रेमलिन मिळून अर्धा दिवस देतात. त्यात काहीही होत नाही. क्रेमलिनला अख्खा दिवस हवा, आणि तो गुरुवार नको, कारण गुरुवारी संग्रहालयं बंद असतात.

आम्ही सुरुवात कॅथेड्रल चौकापासून केली आणि तुम्हीही तशीच करा असं सांगेन. आधी जागा पाहिली की मग कपाटातल्या वस्तूंना अर्थ येतो. चौक फोटोत वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. एका बाजूला ग्रानोवितया पलाता हा दरबार महाल, त्याला लागून ‘लाल जिना’, आणि हाकेच्या अंतरावर कॅथेड्रलचं दार. सम्राट या जिन्यावरून उतरायचा, छत्राखालून चालत चर्चमध्ये जायचा, विधी आटोपले की परत याच जिन्यावर येऊन जमलेल्या लोकांना तीनदा वाकून अभिवादन करायचा. आज दिसतो तो जिना नव्याने बांधलेला आहे. मूळ जिना 1930 च्या दशकात पाडला गेला आणि 1994 मध्ये पुन्हा उभा राहिला. महालात सर्वसामान्य तिकिटावर जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचा.

कॅथेड्रल 1475 ते 1479 मध्ये फिओरावान्ती नावाच्या इटालियन स्थापत्यकाराने बांधलं. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते, कारण खांबांवरसुद्धा संतांची चित्रं आहेत. पण थोडा वेळ खाली बघा. इव्हानसाठी 1551 मध्ये केलेलं कोरीव लाकडी आसन तिथेच आहे. अठराव्या शतकापासून इथल्या विधीचा गाभा असा होता की सम्राट मुकुट स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा, धर्मगुरू तो फक्त त्याच्या हाती द्यायचे. मग सम्राज्ञी त्याच्यासमोर गुडघे टेकायची आणि तिला तो मुकुट चढवायचा. त्यानंतर पवित्र तेलाचा अभिषेक. राजाने सत्ता कोणाकडून घेतली, याचं उत्तर या क्रमात आहे, आणि त्या जागेवर उभं राहून ते जास्त नीट कळतं.

तिथून ‘ओरुझेयनाया पलाता’, म्हणजे जुनं शस्त्रागार. या संग्रहालयाचं तिकीट कॅथेड्रल चौकाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं आणि प्रवेश सत्रांनुसार असतो. तिकिटावरची वेळ पाळावी लागते. चौकासाठी कुताफ्या बुरुजाकडून, तर इथे बोरोवित्स्की दरवाजातून येणं सोयीचं. कोट आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत.

मोनोमाखची टोपी, म्हणजे झारांचा जुना मुकुट, आधी शोधा. सोन्याच्या तारेची नाजूक नक्षी, वर रत्नं आणि क्रूस, खाली सेबल या प्राण्याच्या फरची कड. बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन मोनोमाखने ती आपला नातू, कीवचा राजा व्लादिमीर याला पाठवली, अशी आख्यायिका मॉस्कोच्या राजांनी जपली. पण कॉन्स्टंटाइन वारला तेव्हा व्लादिमीर दोन वर्षांचा होता, आणि टोपी बहुतेक तज्ज्ञांच्या मते 13व्या-14व्या शतकातली आहे. तिच्याजवळ जवळपास तशीच पण साधी दिसणारी दुसरी टोपी आहे. 1682 मध्ये पाचवा इव्हान आणि पुढे ‘द ग्रेट’ झालेला पीटर या दोन सावत्र भावांना एकाच वेळी झार केलं, म्हणून घाईने दुसरी करावी लागली. त्या दोघांसाठी केलेलं चांदीचं जोडसिंहासनही इथेच आहे. त्याच्या पाठीमागे एक झरोका आहे. पडद्याआड बसलेलं कोणीतरी तिथून दहा वर्षांच्या पीटरला काय बोलायचं ते सांगत असे. बहुतेक लोक समोरून फोटोपुरतं पाहून पुढे सरकतात. तुम्ही बाजूला होऊन तो झरोका नक्की पाहा.

राज्याभिषेकाच्या पोशाखांचं दालन घाईत उरकू नका. कॅथरिन दुसरीचा 1762 चा रुपेरी पोशाख, त्यावर भरलेले दोन डोक्यांचे गरुड. आणि निकोलसची पत्नी अलेक्झांड्रा हिचा 1896 चा, मॉस्कोच्या मठातल्या नन्सनी भरलेला. दुसऱ्यापाशी मला जास्त वेळ थांबावंसं वाटलं. राज्याभिषेकानंतर चारच दिवसांनी खोदिन्का मैदानावर जनतेला भेटी वाटण्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार 1389 माणसं मेली. भेट काय होती, तर राजचिन्ह असलेला एनॅमलचा पेला, पाव, सॉसेज आणि थोडी मिठाई. त्याच रात्री सम्राट फ्रेंच राजदूताच्या मेजवानीला गेला. हे माहीत असेल तर त्या जरीकडे बघण्याची नजर बदलते.

फाबर्जे या जवाहिऱ्याने राजघराण्यासाठी घडवलेली 10 शोभेची अंडी इथे आहेत. पण राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ 1897 मध्ये केलेलं अंडं, ज्याच्या आत शाही बग्गीची चिमुकली प्रतिकृती आहे, ते सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे संग्रहालयात आहे. तिकडे जाणार असाल तर यादीत घाला.

याच इमारतीत ‘अल्माझनी फोंद’, म्हणजे हिऱ्यांचा खजिना आहे. त्याचंही तिकीट वेगळं, तपासणी कडक, आणि आत फोटो काढायला मनाई. बरेच जण ‘आधीच दोन तिकिटं झाली’ म्हणून हे सोडतात. काहीही सोडा, हे सोडू नका.

कॅथरिन दुसरीसाठी 1762 मध्ये जेरेमी पोझिए या जवाहिऱ्याने केलेला मोठा शाही मुकुट इथे आहे: जवळपास 5000 हिरे, मोत्यांच्या दोन रांगा, आणि माथ्यावर 398.72 कॅरटचं स्पिनेल हे लाल रत्न. शेजारी राजदंड, आणि त्यात 189.62 कॅरटचा ओर्लोव्ह हिरा. हा भारतातला. श्रीरंगमच्या मूर्तीच्या डोळ्यातून तो चोरला गेला, ही प्रसिद्ध कथा आहे. कथा म्हणूनच ती ऐकावी.

पण मराठी माणसाने ज्याच्यासाठी जावं तो ‘शाह’ हिरा. 88.7 कॅरटचा, लांबट, किंचित पिवळसर, आणि पैलू फारसे न पाडता जवळपास नैसर्गिक आकारात ठेवलेला. झगमगाटात तो पटकन नजरेत भरत नाही. त्यावर फारसीत तीन लेख कोरले आहेत. सगळ्यात जुना लेख दुसऱ्या बुर्हाण निजामशाहाचा आहे, हिजरी 1000 सालचा, म्हणजे 1591-92 चा. हा आपल्या अहमदनगरचा सुलतान, चांदबिबीचा भाऊ. दुसरा लेख शाहजहानचा, तिसरा इराणच्या फतह अली शाहचा. तेहरानमध्ये 1829 मध्ये रशियन राजदूत, नाटककार ग्रिबोयेदोव्ह मारला गेल्यावर इराणने झारकडे जे शिष्टमंडळ पाठवलं, त्याच्या नजराण्यात हा हिरा रशियाच्या वाटेला लागला. हिऱ्यावर कोरायला हिऱ्याचीच भुकटी लागते, त्यामुळे त्या बारीक अक्षरांमागे किती मेहनत आहे याचा अंदाज करा. हिऱ्याच्या एका टोकाकडे दोरा बांधण्यासाठी गोल खाच आहे, तीही बघा. मोगल दरबारात तो सिंहासनासमोर टांगलेला असे.

अहमदनगरच्या किल्ल्यात वाढलेल्या घराण्याचं नाव मॉस्कोत काचेआड वाचायला मिळतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं, याची मला खरोखर खंत वाटते. नगरकरांनी तर हे बघायलाच हवं.

आता पैशांचं. भारतातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं रशियात चालत नाहीत. ऑनलाइन तिकिटासाठी पैसे भरताना हीच अडचण येते. डॉलर किंवा युरो रोख न्या, तिथे रूबल करा आणि तिकिटांचं काम हॉटेलमार्फत किंवा सकाळी लवकर खिडकीवर जाऊन करा. उन्हाळ्यात शस्त्रागाराची तिकिटं लवकर संपतात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, किती दिवस राहता येतं ते अर्ज करताना तपासा. सरकारी समारंभ असला की क्रेमलिन ऐनवेळी बंद ठेवतात, म्हणून मॉस्कोतल्या शेवटच्या दिवशी हा बेत ठेवू नका. हिऱ्यांच्या दालनात उजेड वस्तूंवरच असतो आणि गट पुढे हाकला जातो. शाह हिऱ्यापाशी जरा मागे रेंगाळा, पुढचा गट येईपर्यंत अक्षरं न्याहाळायला थोडी फुरसत मिळते.